आभाळातले दगड आणि तीस जून

२०२५च्या फेब्रुवारीत मुंबईचं नाव जगभरच्या बातम्यांत एका विचित्र यादीत झळकलं. बोगोटा, लागोस, खार्टूम, ढाका, कोलकाता आणि मुंबई. या शहरांना एका ओळीत आणलं होतं एका लघुग्रहानं. २०२४ वायआर४ हे त्याचं नाव. चिलीतल्या रिओ उर्तादो इथल्या ‘ॲटलास’ दुर्बिणीला तो २७ डिसेंबर २०२४ रोजी दिसला आणि महिनाभरात हिशेब निघाला, की २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एक टक्क्याहून जास्त आहे. आदळलाच तर कुठे, याचा जो चिंचोळा पट्टा काढण्यात आला, तो प्रशांत महासागराच्या पूर्वेकडून दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियात येत होता. १८ फेब्रुवारीला शक्यतेचा आकडा ३.१ टक्क्यांवर गेला. एवढ्या आकाराच्या कुठल्याही लघुग्रहाच्या नावापुढे इतका मोठा आकडा त्याआधी कधी लागला नव्हता.

मग आठवड्याभरात तो जवळजवळ शून्यावर आला. बातमी विझली. मागे उरली ती एक समजूत, आणि ती मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकली आहे: शास्त्रज्ञांनी उगाच घाबरवलं, नंतर शब्द फिरवला.

ही समजूत मला लघुग्रहाइतकीच काळजीची वाटते. कारण त्या काही आठवड्यांत जे घडलं ते अगदी रीतसर घडलं होतं. नवा लघुग्रह सापडतो तेव्हा त्याच्या कक्षेचा एक छोटासा तुकडाच आपल्या हाती असतो. त्यावरून सात-आठ वर्षांनंतर तो नेमका कुठे असेल हे सांगता येत नाही; फार तर लाखो किलोमीटर लांबीची एक पट्टी आखता येते आणि म्हणता येतं, की तो या पट्टीत कुठेतरी असेल. पृथ्वी त्या पट्टीतला एक ठिपका. जसजशी निरीक्षणं वाढतात तसतशी पट्टी आखडत जाते. पट्टी लहान झाली आणि पृथ्वी अजून तिच्या आतच असली, की ठिपक्याचा वाटा मोठा होतो, म्हणजे शक्यता वाढते. पुढे एके दिवशी पट्टीचं टोक पृथ्वीवरून सरकतं आणि शक्यता धाडकन खाली येते. आधी चढणं आणि मग कोसळणं ही या गणिताची नेहमीची चाल आहे. १ टक्का, ३.१ टक्के आणि शून्य हे तिन्ही आकडे आपापल्या दिवशी बरोबर होते.

एवढं समजायला पाच मिनिटं पुरतात. पण ही पाच मिनिटं बातमी येण्याच्या आधी मिळालेली असावी लागतात. बातमी आल्यावर कुणी ऐकत नाही. सगळे पुढे पाठवत असतात.

ही पाच मिनिटं आधीच मिळावीत म्हणून वर्षातला एक दिवस राखून ठेवला आहे. ३० जून, आंतरराष्ट्रीय लघुग्रह दिन.

तारीख सैबेरियातून आली. ३० जून १९०८ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास पोडकामेन्नाया तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर आभाळात एक स्फोट झाला. सुमारे पासष्ट किलोमीटरवरच्या वानावारा या व्यापारी ठाण्यात घराच्या ओसरीवर बसलेला एक माणूस धक्क्यानं फेकला गेला. अंगातला सदरा पेटल्यासारखं वाटलं, असं त्यानं पुढे सांगितलं. इंग्लंडमधल्या वायुभारमापकांवर हवेची लाट उमटली. पुढच्या काही रात्री युरोपात इतका उजेड होता, की लोक मध्यरात्री बाहेर उभं राहून वर्तमानपत्र वाचू शकत होते. हे सगळं कशामुळे झालं ते मात्र कुणाला कळलं नाही. तिथे पोचायलाच शास्त्रज्ञांना एकोणीस वर्षं लागली.

१९२७ साली लिओनिद कुलिक तिथे गेला तो विवर आणि लोखंडी उल्कापाषाण शोधायला. विवर नव्हतंच. होती ती दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त पसरलेली आडवी झाडं, सगळ्यांची मुळं आत आणि शेंडे बाहेर. अंदाजे आठ कोटी झाडं. आणि जिथे सर्वांत जास्त नुकसान व्हायला हवं त्या मधोमध मात्र झाडं उभी होती, फांद्या झडलेली, नुसते सोट. कुलिक चक्रावला. त्यानं दलदलीत खणून पाहिलं, पुन्हा पुन्हा मोहिमा नेल्या. उत्तर त्या उभ्या सोटांतच होतं. दगड जमिनीपर्यंत पोचलाच नव्हता. पन्नास-साठ मीटरचा तो गोळा काही किलोमीटर उंचीवर हवेतच फुटला आणि दाबाची लाट सरळ डोक्यावरून खाली आली. मधली झाडं उभीच सोलली गेली, दूरची आडवी झाली. तिथे शहर असतं तर काय, हा प्रश्न त्यानंतर अभ्यासकांच्या मनातून कधी गेला नाही.

तो प्रश्न लोकांपर्यंत नेणारी मंडळी मोठी मजेदार एकत्र आली. ब्रायन मे हा ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध बँडचा गिटारवादक. ग्रहमंडळातल्या धुळीवरचा त्याचा प्रबंध तरुणपणी अर्धवट राहिला होता, तो त्यानं साठीत पूर्ण करून डॉक्टरेट मिळवली. रस्टी श्वायकार्ट हा अपोलो-९चा अंतराळवीर. डॅनिका रेमी ‘बी६१२’ या लघुग्रहांवर काम करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांपैकी. आणि ग्रिगोरिय रिख्टर्स हा चित्रपट दिग्दर्शक, ज्यानं लंडनवर कोसळणाऱ्या लघुग्रहावर चित्रपट केला होता. डिसेंबर २०१४मध्ये त्यांनी एक जाहीरनामा काढला: लघुग्रह शोधण्याचा वेग शंभरपट वाढवा. पहिला लघुग्रह दिन ३० जून २०१५ला झाला. रुमानियाचे अंतराळवीर दुमित्रू प्रुनारिऊ आणि अंतराळवीरांच्या संघटनेनं तो विषय संयुक्त राष्ट्रांत लावून धरला आणि ६ डिसेंबर २०१६ रोजी आमसभेनं हा दिवस अधिकृत केला.

आंतरराष्ट्रीय दिनांची आपल्याकडे कमतरता नाही, आणि त्यातले बरेचसे फलक लावून संपतात. हा दिवस त्यांत जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्याचं कारण चेल्याबिन्स्क.

१५ फेब्रुवारी २०१३. रशियातलं औद्योगिक शहर, कडाक्याची थंडी, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. त्या दिवशी जगातले खगोलतज्ज्ञ दुसऱ्याच एका लघुग्रहाकडे डोळे लावून बसले होते. तो रात्री पृथ्वीपासून सुमारे २७,७०० किलोमीटरवरून जाणार होता आणि त्याची वेळ मिनिटासकट ठाऊक होती. त्याच्याशी काडीचा संबंध नसलेला वीसेक मीटरचा एक दगड सूर्याच्या दिशेनं आला. त्या बाजूला जमिनीवरची कुठलीच दुर्बीण बघू शकत नाही. सेकंदाला १९ किलोमीटर वेगानं तो वातावरणात शिरला आणि सुमारे तीस किलोमीटर उंचीवर फुटला. क्षणभर सूर्याहून जास्त उजेड पडला.

माणसानं अशा वेळी काय करावं? जे कुणीही करेल तेच चेल्याबिन्स्कच्या लोकांनी केलं. ते खिडकीशी गेले. आभाळात उमटलेला दुहेरी धुराचा पट्टा बघत, काचेला नाक लावून उभे राहिले. आणि उजेडानंतर दोन-अडीच मिनिटांनी दाबाची लाट आली. हजारो इमारतींच्या काचा आत फुटल्या. सुमारे पंधराशे लोक जखमी झाले, बहुतेक सगळे काचांनी. एकही माणूस दगड लागून मेला नाही. दगडाचा मोठा तुकडा चेबारकुल तलावाच्या बर्फातून तळाशी गेला आणि ऑक्टोबरमध्ये बाहेर काढण्यात आला.

तिथल्या एका शाळेतल्या बाई मात्र खिडकीशी गेल्या नाहीत. वर्गात चव्वेचाळीस मुलं होती. आभाळातला तो लख्ख प्रकाश काय आहे हे बाईंनाही कळलं नव्हतं. पण त्यांनी मुलांना बाकांखाली जायला सांगितलं. लाट आली तेव्हा बाईंच्या हाताला काच खोल कापली. मुलांना ओरखडाही उठला नाही. मला या दिवसाचं महत्त्व कुणी विचारलं तर मी हा वर्ग सांगतो. वीज चमकल्यावर गडगडाट उशिरा येतो हे आपल्याकडचं लहान पोरही जाणतं, अंक मोजून वीज किती लांब पडली ते सांगतं. उल्का फुटते तेव्हा हेच घडतं: आधी उजेड, मागून धक्का. मधल्या दोन मिनिटांत खिडकीपासून लांब जायचं. इतकंच शिकायचं असतं, आणि ते न शिकल्यामुळे पंधराशे माणसं दवाखान्यात गेली.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात ३० जून म्हणजे ऐन पावसाळा. आभाळ भरलेलं, दुर्बीण बाहेर काढायची सोय नाही. विदर्भात तर शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, वह्यापुस्तकांना कव्हरं घालायचं चाललेलं असतं. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला याहून वाईट दिवस शोधून सापडणार नाही. पण लघुग्रह समजून घ्यायला आपल्याला आभाळाकडे बघायची गरजच नाही. आपण पायाखाली बघू शकतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या कडेवर उभं राहिलं, की समोर १.८ किलोमीटर व्यासाचा एक वाटोळा खड्डा असतो, तळाशी खारं पाणी, भोवती झाडी. डोंगरदऱ्यांच्या कुठल्याच तर्काला न बसणारं हे वाटोळेपण. पुराणात इथे लोणासुर जमिनीखाली लपला होता आणि विष्णूनं त्याला शोधून मारलं. गावातलं देखणं दैत्यसूदन मंदिर त्या विष्णूचंच. ‘आईन-ए-अकबरी’त इथल्या क्षारांची नोंद आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर हा इंग्रज अधिकारी इथे येऊन गेला आणि मग दीडशे वर्षं वाद चालला, की हे ज्वालामुखीचं तोंड आहे का आणखी काही. भोवती सगळा काळा पाषाण ज्वालामुखीचाच, तेव्हा तसं वाटणं साहजिक होतं.

निकाल लागला १९७३ साली, आणि तो खड्ड्याच्या आकारावरून लागला नाही. भूवैज्ञानिकांनी तळाशी विंधणं घेतली आणि तिथल्या दगडांत मास्केलिनाइट नावाची काच सापडली. बेसॉल्टमधल्या, म्हणजे या काळ्या पाषाणातल्या, एका नेहमीच्या खनिजावर प्रचंड दाबाचा तडाखा बसला, की ते न वितळताच काच होतं. स्फटिकाची घडी आतल्या आत मोडते. ज्वालामुखी उष्णता देऊ शकतो, लाव्हा देऊ शकतो, पण असा तडाखा तो देऊ शकत नाही. तो फक्त आभाळातून येतो. बेसॉल्टमध्ये झालेली आघातविवरं पृथ्वीवर मोजकी, आणि त्यांतलं उत्तम टिकलेलं हे आपलं. चंद्रावरची काळी मैदानं आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसॉल्टचाच असल्यामुळे तिथली विवरं समजून घेणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. वयाबद्दल मात्र त्यांच्यात एकमत नाही: एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं निघतात, तर २०११ साली आरगॉन वायूच्या पद्धतीनं ५ लाख ७० हजार.

हा धडा शाळेत आणायला एक परात पुरते. दिवाळीनंतर घरोघरी रांगोळी उरतेच. परातीत पांढऱ्या रांगोळीचा बोटभर जाड थर पसरायचा, त्यावर गुलालाचा पातळ थर, आणि हातभर उंचीवरून एक गोटी सोडायची. गोटी तिरपी मारून पाहायची. फार तिरपी नसली तर खड्डा तरीही जवळजवळ गोलच होतो, आणि मुलांना पहिलं आश्चर्य तिथे वाटतं. मग काठाकडे नीट बघायला सांगायचं. काठ भोवतीच्या सपाटीपेक्षा उंच उठलेला असतो. आणि काठावर गुलालाच्या वर पांढरी रांगोळी येऊन पडलेली असते: खालचं वर, वरचं खाली. लोणारच्या कडेला हेच आहे. बेसॉल्टचे जे थर भोवतालच्या मुलखात आडवे निजलेले आहेत, ते विवराच्या काठावर बाहेरच्या बाजूला उचललेले, काही ठिकाणी उलटे पडलेले दिसतात. परात आणि लोणार यांत एक फरक मुलांना सांगावाच लागतो. खरी धडक सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाची असते. गोटी परातीत शाबूत राहते. तिथे येणाऱ्या दगडाची जवळजवळ वाफ होते. म्हणूनच खणून उल्का सापडत नाही.

ज्या दगडात हा खड्डा पडला त्याचीही गोष्ट आहे. दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्हातून थिजला, ते उद्रेक ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास चालू होते. त्याच काळात दहाएक किलोमीटरचा एक लघुग्रह मेक्सिकोच्या युकातान भागात आदळला आणि डायनोसॉर संपले. त्या संहारात आपल्या लाव्हाचा वाटा किती आणि त्या लघुग्रहाचा किती, यावर वैज्ञानिक अजून भांडतात. सह्याद्रीचा कुठलाही कडा बघताना आपण त्या भांडणातला एक पक्षकार बघत असतो.

आणि लोणार जुनं म्हणून विषय जुना, असंही नाही. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात उल्कापाषाण पडले. संत्र्यांच्या बागांसाठी ओळखलं जाणारं हे गाव आता खनिजशास्त्राच्या निबंधांत आहे, कारण त्या दगडात ब्रिजमनाइट आढळलं. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल हे खनिज सर्वांत विपुल आहे, पण तिथवर कुणी जाऊ शकत नाही. ते अवकाशात दोन दगडांच्या टकरीत तयार झालं आणि काटोलला येऊन पडलं. २०२० साली लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळा महाराष्ट्र ते बघायला धावला. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता, आणि सुंदरच होता. पण काठावरच्या दगडाबद्दल आणि काटोलच्या दगडाबद्दल विचारणारे मला फार थोडे भेटतात, याचं वाईट वाटतं.

आदळणारा दगड अडवता येतो का? या प्रश्नाचं उत्तर २०२२ पर्यंत कागदावर होतं. त्या वर्षी घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, २७ सप्टेंबरला पहाटे पावणेपाचच्या सुमारास आपल्याकडची बरीच माणसं मोबाइलवर एक कॅमेरा बघत जागी होती. नासाचं ‘डार्ट’ हे पावणेसहाशे किलोचं यान डायमॉर्फोस नावाच्या दगडावर मुद्दाम आदळायला निघालं होतं, पृथ्वीपासून एक कोटी दहा लाख किलोमीटर लांब. कॅमेरा सेकंदाला एक चित्र पाठवत होता. आधी एक ठिपका, मग दोन. डायमॉर्फोस ज्याच्याभोवती फिरतो तो मोठा डिडिमॉस कडेला सरकला, छोटा डायमॉर्फोस पडदाभर झाला. त्यावरचे धोंडे दिसू लागले, धोंड्यांच्या सावल्या दिसू लागल्या. शेवटचं चित्र अर्धवटच आलं. ते पुरं पाठवायला यान उरलं नव्हतं.

डायमॉर्फोस डिडिमॉसभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारत असे. त्यात ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानायची, असं ठरलं होतं. फरक पडला अर्ध्या तासाहून जास्त. कारण धडकेतून उडालेला चुरा मागे फेकला गेला आणि त्याच्या उलट्या रेट्यानं धक्का साडेतीनपट झाला. तरीही वेगातला बदल किती? सेकंदाला पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. मुंगीदेखील याहून वेगानं चालते. पण एखाद्या लघुग्रहाला इतकाच धक्का दहा वर्षं आधी दिला, तर नुसत्या गुणाकारानंच तो साडेआठशे किलोमीटर सरकतो, आणि कक्षेच्या गणितानं याच्या काही पट. म्हणजे वेळ हातात असली तर मुंगीची चाल पुरते. नसेल तर काहीच पुरत नाही. सगळी मदार दगड लवकर सापडण्यावर आहे. युरोपचं ‘हेरा’ हे यान ऑक्टोबर २०२४मध्ये निघालं आहे ते डायमॉर्फोसवरच्या त्या जखमेची मापं घ्यायला.

किलोमीटरहून मोठे असे जवळून जाणारे लघुग्रह नव्वद टक्क्यांहून जास्त सापडले आहेत; त्यांची काळजी मिटल्यात जमा आहे. १४० मीटरच्या पुढचे अंदाजे पंचवीस हजार असावेत, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त अजून आपल्याला माहीत नाहीत. तुंगुस्काच्या मापाचे तर बहुतेक अज्ञातच. चिलीतल्या रुबिन वेधशाळेनं २०२५च्या जूनमध्ये पहिली चित्रं दाखवली, त्यांत दहाएक तासांच्या निरीक्षणात दोन हजारांहून अधिक नवे लघुग्रह निघाले. आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या खगोलभौतिकी संस्थेची लडाखमध्ये हानले इथे स्वयंचलित दुर्बीण आहे, तीही अशा जवळून जाणाऱ्या दगडांचा माग घेते.

या कामात शाळकरी मुलांना जागा आहे, ही मला यातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते. हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीनं तासाभरात घेतलेली आकाशाच्या एकाच तुकड्याची चार चित्रं एका आंतरराष्ट्रीय उपक्रमातून मुलांना मिळतात. ती संगणकावर एकामागून एक झरझर फिरवायची. तारे जागचे हलत नाहीत. कॅमेऱ्याचे दोष कुठेही लुकलुकतात. आणि एखादाच फिकट ठिपका चारही चित्रांत एका सरळ रेषेत, सारख्या अंतरानं सरकतो. तो सापडेपर्यंत डोळे दुखतात. २०२० साली सुरतच्या दोन शाळकरी मुलींनी असाच एक ठिपका हुडकला. त्याची कक्षा पक्की व्हायला आणि त्याला क्रमांक मिळायला मात्र वर्षांमागून वर्षं जातात. प्रमाणपत्राचा फोटो पाठवताना शिक्षकांनी हेही सांगावं, कारण धीर हाच या विद्येचा अर्धा अभ्यास आहे.

पुढची मोठी तारीख ठरलेली आहे. १३ एप्रिल २०२९. साडेतीनशे मीटरच्या आसपासचा अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, आपले दूरदर्शनचे उपग्रह ज्या उंचीवर आहेत त्याच्याही आतून. २००४ साली सापडल्यावर त्याच्या नावापुढेही २.७ टक्के लागले होते; २०२१च्या रडार निरीक्षणांनंतर पुढची शंभर वर्षं तरी धोका नाही हे पक्कं झालं. ऑस्ट्रेलियाच्या आकाशात तो नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखा दिसू लागेल आणि हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे सरकेल. सर्वांत जवळ येईल तेव्हा आपल्या घड्याळात १४ एप्रिलची पहाटेची सव्वातीनची वेळ असेल. त्या रात्री महाराष्ट्रात बाबासाहेबांच्या जयंतीसाठी वस्त्या-वस्त्या जाग्या असतात, आणि एप्रिलचं आभाळ सहसा निरभ्र असतं. ज्यांना विज्ञानावर विश्वास ठेवा असं बजावून सांगितलं गेलं, ती माणसं त्या रात्री रस्त्यावर असतील. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट आधी पोचवायला हवी, अफवेच्या आधी.

संयुक्त राष्ट्रांनी २०२९ हे लघुग्रह-जागृती आणि ग्रहरक्षणाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्याआधीच्या प्रत्येक ३० जूनला लोणारच्या काठावर पाऊस असेल, आणि पावसात धुतलेले बेसॉल्टचे थर उन्हाळ्यापेक्षा स्वच्छ दिसतात. बुलढाणा, वाशीम, जालना, परभणी, हिंगोली इथल्या शाळांच्या एसटी तिथे सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकतात. काठावर मराठीतून सोप्या भाषेत लिहिलेले फलक, थर कसे उलटलेत ते हात लावून दाखवणारा एक माणूस, तळाशी सापडलेल्या काचेचा भिंगाखाली ठेवलेला एक तुकडा, आणि एक परात. अभयारण्य आणि रामसर स्थळ असल्यामुळे गर्दीला मर्यादा हवी, तर रोज दोनच शाळा आणाव्यात आणि जून-जुलैभर आणाव्यात. खर्च एका फलकबाजीच्या समारंभापेक्षा कमी येईल. जिल्हा परिषदेनं ठरवलं तर येत्या जूनपासून सुरू करता येईल.